शिक्षकाला शिकवणी कोण लावणार?

(शिक्षक दिनानिमित्त भरलेल्या सभेत मंडळाच्या शिक्षण समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षक दिनाला शिक्षकांच्या गळ्यात हार घालायचा, शाल-श्रीफळ द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांना विसरून जायचे, ही प्रथा सगळीकडे आहे. आज आम्ही सत्काराचे भाषण करणार नाही. आपल्या संस्थांच्या आणि आपल्या मतांच्या जोरावर करता येण्याजोगे एक काम आम्हाला सभेपुढे ठेवायचे आहे. वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाला शिकता येईल असा वर्ग आखायला शिक्षकांना शिकवणे, आणि शिकवून झाल्यावर त्यांच्या पाठीशी उभे राहणे, हे ते काम.

या कामाचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. निजामाच्या राज्यात मराठी बोलणारे लोक सुमारे एक चतुर्थांश होते आणि तेलुगू बोलणारे जवळपास निम्मे. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा मात्र उर्दू, जी जेमतेम दहा-बारा टक्के लोकांची मातृभाषा होती. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांसारखी असंख्य मुले वर्गात बसलेली असत, पण तो वर्ग त्यांच्यासाठी आखलेला नसे. मूल हुशार असो वा नसो, आधी परकी भाषा ओलांडायची आणि मग गणिताला हात घालायचा. जो ओलांडू शकला नाही तो 'ढ' ठरला आणि शेतावर परत गेला.

या अन्यायाला आपल्या समाजाने उत्तर दिले ते शाळा काढून. १९०७ साली हैदराबादेत विवेकवर्धिनी उभी राहिली. त्याच वर्षी गुलबर्ग्याला नूतन विद्यालय निघाले. या कामांशी केशवराव कोरटकरांचे नाव जोडलेले आहे, आणि पंडित सातवळेकरांसारखे विद्वान त्या काळी याच शहरात वावरत होते. पुढे १९२० च्या दशकात खाजगी शाळा काढायला सरकारी परवानगीची सक्ती झाली, तरी लोकांनी शाळा सोडल्या नाहीत. १९३२ साली केशवराव गेले आणि १९४० साली त्यांच्या स्मरणार्थ नारायणगुड्यात केशव मेमोरियल संस्था सुरू झाली. आपल्याकडे माणसाचे स्मारक म्हणजे शाळा, असा हा वारसा आहे.

या वारशाचा अर्थ आम्ही असा लावतो. वर्गाबाहेर राहिलेल्या मुलांसाठी ज्यांनी शाळा काढल्या, त्यांच्या वारसांनी आज कोण बाहेर राहिले आहे हे पाहिले पाहिजे.

आज कोण बाहेर आहे? काचीगुडा, बडी चावडी, गौलीगुडा, जांबाग या आपल्या जुन्या वस्त्यांतली कोणतीही शाळा डोळ्यांसमोर आणा. नांदेड किंवा लातूरकडून बांधकामावर आलेल्या गवंड्याची मुलगी आहे. घरी गोरमाटी बोलते, मराठी कळते, तेलुगू रस्त्यावर शिकली आहे, पण पुस्तकातली भाषा यांपैकी कोणतीच नाही. तिच्या पुढच्या बाकावरच्या मुलाला एका कानाने कमी ऐकू येते, आणि घरच्यांना तो हट्टी वाटतो. तिसरा तोंडी सगळे सांगतो, पण लिहायला बसला की अक्षरे उलटीपालटी होतात. चौथी व्हीलचेअरवर आहे आणि तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. पाचवा दहा मिनिटेसुद्धा एका जागी बसत नाही.

ही दुसऱ्यांची मुले आहेत असे कृपा करून समजू नका. आपली नातवंडे बहुतेक इंग्रजी माध्यमात आहेत. तेलंगण सरकारने २०१८ साली कायदा करून पहिली ते दहावीपर्यंत तेलुगू सक्तीचे केले. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, त्यात हिंदी आणि तेलुगू, अशा चार भाषांच्या कात्रीत आपलीच मुले आहेत. तेलुगू ज्यांची मातृभाषा नाही अशा मुलांसाठी 'वेन्नेला' हे सोपे पाठ्यपुस्तक वापरण्याचा आदेश सरकारने २०२५ साली काढला. तो आपल्याला किती बरा वाटला! तोच दिलासा गवंड्याच्या मुलीलाही मिळाला पाहिजे. आणि अक्षरे उलटी दिसणारा मुलगा तर कोणाच्याही घरात जन्माला येतो. तो जात, भाषा, शिल्लक काही पाहत नाही.

आता 'सर्वसमावेशक वर्ग' म्हणजे काय, हे स्पष्ट करू. दयेपोटी एका मुलाला मागच्या बाकावर बसू देणे म्हणजे समावेश नव्हे. त्याला वेगळ्या खोलीत नेऊन चित्रे रंगवायला देणे हाही समावेश नव्हे. इमारतीच्या पायऱ्यांशेजारी उतरता रस्ता केला, तर त्यावरून व्हीलचेअर जाते, तसेच गुडघे दुखणारे आजोबा जातात आणि बाळाची गाडीही जाते. रस्ता एकदा नीट आखला की प्रत्येकाला वेगळी मदत मागावी लागत नाही. वास्तुशास्त्रातला हा विचार अमेरिकेतल्या 'कास्ट' या १९८४ साली स्थापन झालेल्या संस्थेने शिक्षणात आणला. त्याचे सार तीन गोष्टींत आहे: धडा एकाहून अधिक मार्गांनी समोर ठेवावा, मुलाला आपले उत्तर एकाहून अधिक मार्गांनी देता यावे, आणि शिकण्याची ओढ लागावी म्हणूनही एकाहून अधिक वाटा असाव्यात.

ऐकायला हे मोठे वाटते. अपूर्णांकाचा धडा घ्या. गुरुजी फळ्यावर तीन छेद चार लिहितात. त्याच वेळी कागदाची गोल भाकरी करून तिचे चार तुकडे मुलांच्या हातात दिले, 'पाव', 'अर्धा', 'पाऊण' हे बाजारातले शब्द जोडून दिले, आणि फळ्याकडे पाठ करून बोलण्याऐवजी मुलांकडे तोंड करून बोलले, तर गवंड्याच्या मुलीला अर्थ लागतो आणि कमी ऐकणाऱ्याला ओठ दिसतात. उत्तर कोणी लिहून देईल, कोणी तोंडी सांगेल, कोणी तुकडे मांडून दाखवील. जागेवर न बसणाऱ्या मुलाला तुकडे वाटायचे काम द्यावे. व्हीलचेअरवरच्या मुलीचा वर्ग तळमजल्यावर आणावा, एवढा एक निर्णय मुख्याध्यापकांनी जूनमध्ये घ्यावा. या सगळ्यात खर्च किती? कागद आणि कात्री. पण आदल्या दिवशी अर्धा तास विचार करावा लागतो, आणि तो कसा करायचा हे कोणीतरी शिकवावे लागते.

हा विचार आपल्या भाषेला परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. मोठी मुले गुरे राखायला जातात, म्हणून कुरणशाळा निघाली. शंख-शिंपले, बिया, पाने हेच शैक्षणिक साहित्य झाले. आणि हे काम दोन बायांपुरते राहू नये म्हणून त्यांनी शिक्षिका तयार केल्या. वर्ग मुलाच्या मापाने बेतायचा, आणि तो बेतणारे शिक्षक घडवायचे, ही दोन्ही सूत्रे तिथे आहेत.

कायदा काय म्हणतो? कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच सांगितले होते की अपंग मुलांना शक्य तितके सर्वसाधारण शाळेत शिकवावे. १९७४ साली केंद्राने त्यासाठी योजना आणली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत वाचन-लेखनाची अडचण नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही यादी एकवीसवर नेली आणि 'अध्ययन अक्षमता' तिच्यात आली. याच कायद्याने सरकारवर आणखी एक जबाबदारी टाकली: सरकारमान्य शाळांत सर्वसमावेशक शिक्षण मिळेल हे पाहणे आणि त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण देणे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण सांगितले. प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की पदे निश्चित करा आणि भरती सुरू करा. पुन्हा बजावावे लागते, यावरूनच कागद आणि वर्ग यांतले अंतर कळते.

आणि विशेष शिक्षक आले तरी प्रश्न सुटत नाही. ते आठवड्यातून काही तास येणार. उरलेला सगळा वेळ मूल वर्गशिक्षकाच्याच हाती असते. म्हणून वर्गशिक्षक तयार झाला पाहिजे.

प्रशिक्षण होतच नाही असे नाही. २०१९ साली केंद्राने 'निष्ठा' हा कार्यक्रम सुरू केला. २०२० च्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावे असे म्हटले आहे. पण शिक्षक मित्रांनो, शिबिर म्हणजे काय असते हे तुम्ही आम्हाला सांगावे. एका सभागृहात शंभर-दीडशे शिक्षक, पडद्यावर सरकत जाणारा मजकूर, दुपारी जेवण, चार वाजता प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी तोच वर्ग, तीच पन्नास मुले, तोच अभ्यासक्रम. ऐकलेले पटलेले असते, पण मंगळवारच्या तिसऱ्या तासाला ते कसे करायचे हे विचारायला कोणी नसते.

ब्रूस जॉईस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले की नुसत्या व्याख्यानाने आणि प्रात्यक्षिकाने फार थोडे वर्गापर्यंत पोचते. नंतर वर्गात येऊन कोणी हात धरला, तरच नवी पद्धत रुजते. त्यालाच 'कोचिंग' म्हणतात. २०१८ साली मॅथ्यू क्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ६० अभ्यासांचा एकत्रित विचार केला. शिकवण्यात स्पष्ट सुधारणा दिसली आणि मुलांच्या प्रगतीतही काही प्रमाणात दिसली. मात्र कार्यक्रम जितका मोठा, तितका परिणाम पातळ झाला. म्हणजे हे काम आपल्यासारख्या मोजक्या शाळांच्या छोट्या संस्थेला अधिक साधणारे आहे.

कोचिंग म्हटले की आपल्या हैदराबादेत आयआयटीचे फलक डोळ्यांपुढे येतात. सहावीतल्या मुलालाही शिकवणी लावणारे हे शहर आहे. मग शिक्षकालाच शिकवणी कोण लावणार?

ही शिकवणी कशी असावी? सोबतीला येणारी मार्गदर्शक शिक्षिका तपासनीस नसते. तिच्या हातात शेरेबुक नसते, आणि तिचे टिपण संस्थाचालकांकडे जात नाही. ही अट पहिली, कारण भीती असेल तिथे कोणी आपली अडचण सांगत नाही. तासापूर्वी ती शिक्षकाबरोबर बसून दोघांनी एकच गोष्ट ठरवायची. उदाहरणार्थ, आज प्रत्येक मुलापर्यंत एकदा तरी पोचायचे. तासाला ती मागे बसते, बाकांचा नकाशा काढते आणि ज्या मुलाशी शिक्षक बोलला त्या बाकावर खूण करते. तास संपल्यावर दहा मिनिटे नकाशा दोघांच्या मध्ये ठेवायचा. कोणत्या कोपऱ्यात एकही खूण नाही हे सांगावे लागत नाही, दिसते. मग पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल ठरवायचा. कधी मार्गदर्शिकेने स्वतः तो धडा घेऊन दाखवायचा. असे वर्षभर चालले तर शिक्षकाची नजर बदलते.

आता राजकारणाचा भाग. ते टाळून चालणार नाही, कारण हे पत्रक त्यासाठीच आहे.

राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. भाषिक अल्पसंख्याक कोण हे राज्यानुसार ठरवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. त्यामुळे तेलंगणात मराठी समाजाला हा हक्क आहे. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. त्यातल्या तरतुदी, दुर्बल घटकांच्या २५ टक्के जागांसह, अल्पसंख्याक संस्थांना लागू नाहीत असा निर्णय पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मे २०१४ मध्ये दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निर्णयाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्याची भूमिका घेतली. तेव्हा ही सूट कायम राहील असे धरून चालू नये.

पण आमचा मुद्दा न्यायालयाच्या पलीकडचा आहे. सूट आहे म्हणून गरीब मूल नको आणि वेगळे मूल नको, असे कोणी म्हणू लागला तर अल्पसंख्याक हा हक्क ढालीऐवजी कुंपण होईल. आपल्या भाषेचे मूल कोणत्याही वर्गाबाहेर राहू नये म्हणून हा हक्क मागितला गेला होता. त्याच हक्काच्या आड उभे राहून दुसऱ्या मुलाला बाहेर ठेवणे केशवरावांच्या समाजाला शोभणारे नाही. आणि व्यवहाराचेही सांगतो. मराठी माध्यमाच्या वर्गांत आपल्या घरची मुले थोडी राहिली आहेत. आज मराठी वर्ग टिकवून धरणारी मुले बहुतांशी कष्टकऱ्यांची आहेत. तीही गळाली तर पटावर कोणी उरणार नाही आणि हक्क फक्त फलकावर राहील.

म्हणून समितीच्या वतीने आम्ही पाच ठराव सभेपुढे ठेवतो.

एक. आपल्या समाजाच्या प्रत्येक शाळेने दोन शिक्षकांची मार्गदर्शक म्हणून निवड करावी आणि त्यांना आठवड्याला चार तासिका या कामासाठी मोकळ्या द्याव्यात. तासिका न देता जबाबदारी देणे म्हणजे नुसते बिरुद देणे.

दोन. या मार्गदर्शकांना आपल्या शहरातच शिकवून घ्यावे. सिकंदराबादच्या मनोविकास नगरात बौद्धिक अक्षमतेसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आहे. तिथे देशभरातले लोक शिकायला येतात. आपण बसने पोचू शकतो. तिच्याशी रीतसर पत्रव्यवहार सुरू करावा.

तीन. आपल्या घराघरांत निवृत्त शिक्षिका आहेत. तीस-तीस वर्षे वर्ग सांभाळलेला हा अनुभव दुपारच्या मालिकांपुढे वाया जाऊ नये. त्यांनी थोडे प्रशिक्षण घेऊन आठवड्यातून दोन दिवस शाळेत जावे. जाण्या-येण्याचा खर्च मंडळाने उचलावा.

चार. मराठीतून शिकवणाऱ्यांना प्रशिक्षणही मराठीतून मिळाले पाहिजे. तेलंगण सरकारकडे, तसेच भाषिक अल्पसंख्याकांच्या केंद्रीय आयुक्तांकडे निवेदन द्यावे. घटनेचे ३५० अ कलम प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगते. मातृभाषेतून शिकवणारा तयार शिक्षक नसेल तर ती सोय अपुरी आहे.

पाच. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग ती विधानसभा असो, महापालिका असो की आपल्याच संस्थांची कार्यकारिणी असो, दोन प्रश्न विचारावेत. विशेष शिक्षकांची किती पदे भरणार? आणि वर्गशिक्षकांच्या मार्गदर्शनासाठी अंदाजपत्रकात किती रक्कम ठेवणार? गणेशोत्सवाच्या मंडपाला देणगी दिली म्हणून मत, हा हिशेब आता पुरे.

शिक्षक बंधू-भगिनींना शेवटी एक सांगायचे आहे. तुमच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवण्यासाठी आम्ही उभे नाही. पन्नास मुलांचा वर्ग एकट्याने ओढणे किती कठीण असते हे आम्ही जाणतो. म्हणूनच मागणी आधी संस्थाचालकांकडे आणि सरकारकडे आहे: वेळ द्या, सोबत द्या, मग फळ मागा.

ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत मतास टाकले जातील. सभासदांनी आपल्या सूचना लेखी द्याव्यात आणि मतदानाला जातीने हजर राहावे, ही विनंती.